ऐकलं त्यानं जायचं

"काऽऽहील आणा रंऽऽ! काऽऽहील!"

तात्या पाण्याच्या कडेला उभे राहून समोरच्या बेटाकडे तोंड करून ओरडत होते, आणि त्यांच्या मागे मी टेम्पोत आईचं जातं चढवत होतो. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. त्यांनी इथे भीमेच्या काठावर हाळी दिली, तर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला कोपरगावात म्हशी पान्हा चोरतात. मी स्वतः जाऊन बघितलेलं नाही, पण म्हशी खोटं कशाला बोलतील?

टेम्पोच्या ड्रायव्हरने हात थांबवून विचारलं, "आजोबा कुनाला बलवाय लागल्यात?"

"बेटावरच्यांना."

"मग येत का न्हाईत ती?"

"ती हितं टेम्पो भरत्यात," मी म्हणालो.

ड्रायव्हर हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. आयुष्यभर थापा मारल्या की खरं बोललेलंही कुणाला पटत नाही.

आमचं बेट काही समुद्रातलं नाही. खाली धरण झालं, पाणी मागे फुगत आलं, आणि गावाची टेकडी तेवढी वर राहिली. बाकीचं गाव काठावर सरकलं, टेकडीवरची आमची भावकी तिथेच चिकटून बसली. उगवतीला कर्जतकडची माणसं टँकरची वाट बघत बसायची आणि आम्ही चारी बाजूंनी पाण्यात, तरी आमच्या घरात मिठाची पुडी आणायची तर नदी ओलांडावी लागायची. घरं इतकी दाटीची, की एकीने मिरची परतली की सगळं बेट शिंकायचं. एका घरात ठसका लागला की शेजारच्या घरातला माणूस पाणी प्यायचा. भांडण झालं तरी अबोला धरायची सोय नव्हती, कारण काहील दोघांनी चालवायची.

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती लोखंडी कढई. बंद पडलेल्या गुऱ्हाळातून म्हाताऱ्यांनी ती उचलून आणली होती, आणि तीच आमची होडी. तिच्यातून नवऱ्या आल्या, शेळ्या आल्या, शाळेचा फळा आला. माझी थोरली तर भर पाण्यातच जन्मली. अजून तिच्या अंगाला गुळाचा वास येतो, जावयाला विचारा. पण काहिलीला ना पुढा ना मागा. दोन बाजूंनी दोघांनी वल्हवली तर सरळ जाते, एकट्याने वल्हवली की जागच्या जागी गरगर फिरते. म्हणून तिचा मुक्काम कायम बेटावर. दोघं जाऊन माणसाला सोडायची, परत यायची. त्या माणसाने संध्याकाळी काठावरून हाळी द्यायची, आणि बेटावर ज्याच्या कानावर ती पहिली पडेल त्याने हातातलं टाकून, जोडीदार घेऊन निघायचं. कोण आहे, काय आहे, विचारायचं नाही. ऐकलं त्यानं जायचं. वैऱ्याचीही हाळी असली तरी. आमच्याकडे देव कमी होते, पण हा नियम देवासारखा होता.

मग शाळा बंद झाली. लेकरांपायी एकेक घर उठलं. तात्यांच्या पोराने काठावरच्या गावात स्लॅबचं घर बांधलं आणि त्यांनाही नेलं. नळ, पंखा, मोबाईलला रेंज, सगळं दिलं. पण तात्या दिवस कलला की काठावर येऊन हाळी द्यायचे. मी आणि बायको जाऊन आणायचो. ऐकलं ना! स्वतःच्या पडवीत झोपला की माणूस दगडासारखा पडून राही. दुसऱ्या दिवशी पोरगा काठावरून आमच्या नावाने शंख करायचा, "माज्या बापाला का न्हेता रं?" त्याचीही हाळीच. मग आम्ही तात्यांना परत सोडायचो. तात्या उतरताना दरवेळी बजावायचे, "पडवीतली खाट हलवू नका."

या जूनला धाकट्या पोरींच्या शाळेसाठी बायको श्रीगोंद्याला राहिली, आणि बेटावर आई आणि मी उरलो. एका सकाळी एका मासेवाल्याच्या होडीतून मी बाजाराला आलो. परतलो तर होडीवाला गायब. मी सवयीने हाळी दिली. ओरडल्यावर डोक्यात उजेड पडला, की तिकडे ऐकायला फक्त आई आहे.

आईने ऐकलं. सत्तरी पार केलेली बाई काहील लोटून एकटीच आत बसली. मधोमध आली आणि काहील फिरायला लागली. आई मला शिव्या देत होती, पण तोंड माझ्याकडे आलं की तेवढीच शिवी ऐकू यायची, फिरलं की बंद. मी काठावर हसलो. देवाशपथ हसलो. मग शिव्या थांबल्या, तेव्हा मी चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरलो. मला पोहता येतं, पण तिथवर पोहत जाऊन तरी मी काय करणार होतो? वाराच आमच्यापेक्षा शहाणा निघाला. त्याने ती कढई ढकलत नेऊन खालच्या बाभळींत अडकवली. मी चिखल तुडवत गेलो तर आई आत उकिडवी बसलेली, वल्हं छातीशी धरून. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "ऐकलं, पन येता आलं न्हाई रं." श्रीगोंद्याला बिऱ्हाड हलवायचं ठरलं. आठवड्याने मासेवाल्याच्या होडीतून सामानाच्या खेपा सुरू झाल्या.

आणि आज शेवटची खेप उतरली, तर तात्या नेहमीच्या जागी येऊन उभे. घसा बसेपर्यंत ओरडले. मी जवळ जाऊन म्हणालो, "तात्या, तिकडं कुनी न्हाई. आमी समदी हितंच हाओत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, टेम्पोकडे बघितलं. दोरीने आवळलेल्या ढिगाऱ्यावर त्यांची खाट पाय वर करून पडली होती. आई टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर देव्हारा घेऊन. तात्या तिच्या खिडकीशी गेले.

"वयनी, तुमी ऐकलं का न्हाई?"

"ऐकलं की."

"मग? ऐकलं त्यानं जायचं. चला, मी धरतो एका बाजूनं."

मी ड्रायव्हरला गाडी चालू कर म्हणून खुणावत होतो. तो काही हलेना. आईने पदराने देव्हाऱ्यावरची धूळ पुसली, आणि बाजारातल्या भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली,

"काहील टेम्पोत चढवलीया, भावजी."