जळालेलं ऑइल

जळालेल्या ऑइलचा वास आला की मला धानोऱ्याकडचा एक सागवानी खांब आठवतो. आमच्या जुन्या ट्रकचं ऑइल बदलायचं होतं. मी म्हणालो, या वेळी सिंथेटिक घालू, ते दुप्पट दिवस चालतं. वीस वर्षं ती गाडी हाकणारे ड्रायव्हरभाऊ हात पुसत म्हणाले, "जुनं इंजिन हाय मालक, त्याले सिंथेटिक नाई झेपत. सील गळतेत." मी मानलं, साधंच घातलं. निघालेलं काळं ऑइल त्यांनी एका डब्यात भरून घेतलं. मोहफुलांची पोती आणायला निघालो, तेव्हा वाटेत रानातल्या एका घरापुढे त्यांनी गाडी थांबवली. एक म्हातारी चिंधी घेऊन आली आणि वाळवी लागू नये म्हणून ते ऑइल घराच्या खांबांना बुडापासून चोपडू लागली. तीन खांब काळे झाले, चौथ्यापाशी डबा संपला. "याले उधई खाऊन राह्यली ना भाऊ. आता कधी आनसान?" "तीन महिन्यानं, बाई. पुन्हा ऑइल बदललं का आनतो." ड्रायव्हरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही सिंथेटिकचं नाव पुन्हा काढलं नाही. तो ट्रक केव्हाच भंगारात गेला. आजही जुन्या गाडीत कोणतं ऑइल घालावं असं कुणी विचारलं, तर मी साधंच सांगतो. कारण विचारलं, तर सील गळतात म्हणतो.