शिक्षेचा फेरा

स्वीडनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर एलिन राहायची. एकदा बाजारातून येताना ती जिन्यात मध्येच उभी दिसली. दोन्ही हातांत पिशव्या, डोळे मिटलेले, श्वास रोखलेला. मी घाबरून विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

"अगं, जुनी सवय," ती हसली. "दम लागला की आधी श्वास आवरायचा."

तिच्या स्वयंपाकघरात कॉफी पिताना कळलं, ती बायथलॉन खेळायची. बर्फावरून स्कीवर जीव तोडून धावायचं आणि तशाच धडधडत्या छातीने थांबून रायफलीने नेम साधायचा. कितीतरी हिवाळे ती देशासाठी परदेशांत खेळली, पण पदक काही मिळालं नाही. एका मोठ्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती. शेवटचा नेम चुकला, शिक्षा म्हणून जादा फेरा मारावा लागला आणि तेवढ्यात बाकीच्या निघून गेल्या.

"अजून सलतं?" मी विचारलं.

"सगळे त्या नेमाबद्दलच विचारतात. मी किती दमले होते, ते कुणी विचारत नाही. त्या फेऱ्यात मला रडू आलं नाही गं. सुटल्यासारखं वाटलं."

खिडकीबाहेर भर दुपारीच अंधारून आलं होतं. हरल्याचं दुःख माणूस चारचौघांत सांगतो. दमल्याचं सांगायला मात्र त्याला लाज वाटते. आमच्याकडे तर लगेच कुणीतरी म्हणतं, "एवढ्यात?"

"मीही दमलेय, एलिन," मी म्हणाले. परदेशात आल्यापासून आईलाही फोनवर हे कधी सांगितलं नव्हतं.