साखऱ्याच्या मुली शोधात येत नव्हत्या

आमच्या वधू-वर मंडळाचं ऑफिस हिंगोलीत एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. मुलामुलींची माहिती आता वेबसाइटवर असते, पण गावाकडची माणसं अजून रविवारी जिना चढून येतात, खुर्चीवर बसतात आणि बटणं आम्हालाच दाबायला लावतात. आठवडाभर मी कळमनुरीला एका कॉलेजच्या कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळते, म्हणून मंडळाचा सर्व्हरही माझ्या गळ्यात पडला. मानधन नाही, तक्रारी भरपूर.

सगळ्यांत नेमाने यायचा तो साखरा गावचा एक बाप. सोबत थोरली मुलगी. ती हिंगोलीत खोली करून राहायची, एका लॅबमध्ये रक्त तपासायची. नाव नोंदवलं तेव्हा सव्वीसची होती. मी सांगते आहे तेव्हा तिशी उलटली होती आणि धाकटीचं नात्यात जमून तिला लेकरूही झालं होतं.

"ताई, आलं का कोणी?" बाप भरल्या खोलीत विचारायचा. मी नाही म्हटलं की तिच्याकडे वळायचा. "ऐकलं का? येवढी दुनिया हाय इथं, एकाला बी वाटना की हिला उघडून पाहावं. तोंडच तसं, ताई तरी काय करतील?"

आमचे सचिव निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. ते चष्म्यावरून बघायचे. "दादा, पावडर लावून एक फोटो काढून आणा. उजेड तरी पडंल."

खोली हसायची. हसणाऱ्यांच्याही मुली शेजारीच बसलेल्या असायच्या. दुसऱ्याचा माल पडून आहे हे बघून त्यांना बरं वाटायचं, दुसरं काही नाही. ती फोनमध्ये बघत राहायची.

मग एकदा तक्रार आली की आमचा ऑपरेटर चांगली स्थळं ओळखीच्या लोकांना आधी दाखवतो. अध्यक्ष म्हणाले, कोण काय करतं ते आपोआप लिहिलं जाईल असं काहीतरी बसवा. सर्व्हर स्वतःची रोजनिशी लिहू शकतो, तिला लॉग म्हणतात. साइट बनवणाऱ्याने ती फक्त मोठ्या बिघाडापुरती चालू ठेवली होती. साइट कोसळली तर एक ओळ, एरवी गप्प. मी कागदावर आखून घेतलं: आत कोण आलं, काय शोधलं, कोणाची माहिती उघडली, काय बदललं, काय खोडलं, सगळं वेळेसकट. पासवर्ड आणि फोन नंबर लॉगमध्ये जाणार नाहीत. फाइल रोज नवी, जुनी दाबून लहान करून बाजूला, नाहीतर डिस्क भरते आणि साइटच बसते.

त्याआधी डेटाबेस तपासायचा होता. आतला माल धड आहे की नाही हे न बघता दारावर पहारा बसवण्यात अर्थ नसतो. मी आधी प्रत काढली आणि प्रतीवरच तपासणी चालवली. फाइल कुठे तुटलेली नव्हती. मग दुसरी तपासणी: प्रत्येक नोंदीतला गावाचा क्रमांक गावांच्या तक्त्यात सापडतो का? काही नोंदींचा सापडेना. माणसं होती, पण त्यांचं गावच नव्हतं. पत्ते उघडून बघितले तर सगळी सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याची.

शोध आधी तालुका घेतो, मग तालुक्यातली गावं, मग गावातली माणसं. गाव नाही म्हटल्यावर माणूस दिसत नाही. स्वतःच्या लॉगिनने उघडलं की फोटो, शिक्षण, नोकरी सगळं जागेवर, म्हणून घरच्यांना शंका येत नव्हती. सर्व्हरच्या लेखी हा बिघाडही नव्हता. त्याला जे सापडलं ते तो दाखवत होता.

मी बैठकीत सांगितलं. गुरुजींना लगेच आठवलं.

"साखरा दोनदा दिसत व्हतं. एक शेजारच्या जिल्ह्यातलं असंल, मला काय ठाऊक? डबल म्हणून म्या एक उडवलं."

"कधी?"

"साइट नवी व्हती तवा."

"बराबर," अध्यक्ष म्हणाले. "आता गाव परत टाका अन् गप ऱ्हा. काहून बोभाटा करायचा?"

"त्या मुलींना सांगायला नको?"

"काय सांगता? तुमी इथं नव्हत्याच म्हणून?"

गुरुजी हसले. "तसं बी त्या लॅबवालीला कोणी केलं नसतं, म्याडम. आपण तर उलट झाकून ठिवली."

मी गाव परत घातलं, नोंदी जोडल्या आणि ज्या गावात माणसं आहेत ते गाव डेटाबेस खोडूच देणार नाही अशी अट टाकली. लॉग सुरू केला.

पुढच्या रविवारी बाप हसतमुख आला. नाव काढायला. कळमनुरीकडचा एक विधुर ठरवला होता. त्याची मोठी मुलगी बारावीला होती. "पोरगी बी तयार हाय," तो म्हणाला. "तयार न्हाई तर काय करंल? पाहिलं न इतके दिवस."

मी सगळ्यांसमोर सांगितलं, गुरुजींचं नाव घेऊन. यांची मुलगी आजवर एकाही शोधात आली नव्हती, कारण तिचं गाव खोडलं गेलं होतं. गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला. बापाने त्यांच्याकडे बघितलं, मग मुलीकडे. मला वाटलं, आता तरी हा माणूस तिला एखादा बरा शब्द बोलेल.

"मंग आता दिसते न?" तो मला म्हणाला. "महिनाभर थांबतो. पाहू कोण येतं ते. न्हाईतर हाय तो सोयरा."

ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. "मला दाखवाल, मॅडम? कोणी उघडलं का ते."

ती एकटी यायला लागली. लॉगमध्ये दिसायचं की लोक सेनगाव तालुका निवडत होते, साखरा निवडत होते, तिथल्या दुसऱ्या मुली उघडत होते. तिची नोंद कोणी उघडली नाही. तिसऱ्या खेपेला मी तिला शोधांच्या ओळीच दाखवल्या. लॅबचा रिपोर्ट वाचावा तशी ती एकेक ओळीवर बोट ठेवत गेली. प्रत्येक शोधात वयाची अट होती. अठ्ठावीसपर्यंत. सत्तावीसपर्यंत. कोणी उदार झाला तर तीस.

"म्हणजे आताही मी येत नाही."

"वयामुळे."

"सव्वीसची होते तेव्हा आले असते?"

"आली असतीस."

"तेव्हा कोणी आमचं गाव शोधलं होतं का?"

"तेव्हाचा लॉग नाही. बंद होता."

"मागचं काढता येत नाही का कुठून?"

"लिहिलंच नव्हतं, तर कुठून काढणार?"

तिने पडद्यावरचं बोट काढलं. "आमच्याकडं सॅम्पल सांडलं तर पेशंटला परत बोलावतो आमी," ती म्हणाली. मग महिना संपायची वाट न बघता तिने स्वतःच्या लॉगिनने नाव काढलं. लॉगमध्ये ओळ पडली: कोणी, कधी, काय खोडलं.

लग्न कळमनुरीला झालं. बुद्धवंदना झाल्यावर गुरुजींनी माईक घेतला. मंडळाच्या अथक प्रयत्नांना आणखी एक यश आलं, असं त्यांनी जाहीर केलं. बापाने पुढच्या रांगेतून टाळ्या वाजवल्या. मग फोटोसाठी अध्यक्ष, गुरुजी आणि मी स्टेजवर गेलो. नवरा भला दिसत होता. दमलेला, कानावर पांढरे केस. बारावीची मुलगी बाजूला उभी राहून नव्या आईची साडी न्याहाळत होती.

गुरुजींनी आशीर्वादाला हात वर केला. तिने नवऱ्याला त्यांच्याकडे बोट करून दाखवलं.

"यांनी आमचं गाव खोडलं होतं," ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "त्यात माझं वय निघून गेलं. म्हणून तुमच्याशी लग्न करावं लागलं."

नवऱ्याने खाली बघितलं. त्याला ते आयुष्यभर पुरणार होतं आणि त्याने तर काहीच केलं नव्हतं. गुरुजींचा हात वरच राहिला. फोटोवाला म्हणाला, "सर, थोडं आत सरका," आणि गुरुजी आत सरकले.