भागाबाईचा अडुळसा

साक्रीहून पश्चिमेकडे जाणारी एसटी आमच्या गावाच्या फाट्यावर थांबते. फाट्यावरून गावात शिरलं की डाव्या हाताला भागाबाईचं घर. अंगणाला अडुळशाचं कुंपण होतं. अडुळशाला शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून तिच्या सासऱ्यानं तो लावला होता. त्याचं औषध करायला लागली ती मात्र भागाबाई.

थंडी पडली आणि गावात खोकला सुरू झाला की तिच्या चुलीवर पितळी पातेलं चढायचं. अडुळशाची पानं, तुळस, गवती चहा, ठेचलेलं आलं, चार मिरे आणि गुळाचा खडा. निम्मं पाणी आटेपर्यंत ती ते उकळायची. काढा काळपट व्हायचा, कडू लागायचा. पोरं पळून जायची, मोठी माणसं डोळे मिटून प्यायची आणि रात्री झोप लागली म्हणून सांगायची. भागाबाई त्याचे पैसे घेत नसे. कोणी वाटीभर हरभरे ठेवून जाई, कोणी नुसतंच बसून गप्पा मारून जाई. तिचा नवरा लवकर गेला होता. घरात मुलगा रुपचंद आणि सून प्रमिला. शेती कोरडवाहू, बाजरी आणि हरभऱ्याची. काढ्यामुळे तिच्या ओट्यावर माणसं येत, आणि ते तिला आवडायचं.

प्रमिला तिच्या भावाचीच मुलगी. लग्नाआधी आत्याला ती फुई म्हणायची आणि लग्नानंतरही सासूला फुईच म्हणत राहिली. सत्याऐंशी सालच्या पौषात प्रमिलाला पाचवा महिना होता आणि तिला खोकल्यानं धरलं. खोकून खोकून तिच्या बरगड्या दुखायला लागल्या. भागाबाईनं सगळ्यांना देते तोच काढा तिला दिला. सून, शिवाय पोटुशी, म्हणून जरा जास्तच पानं घालून आणि जास्त आटवून दिला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. असे काही दिवस गेले.

एके दिवशी दुपारी प्रमिला भाकरी थापत होती. ती मधेच थांबली आणि परातीला धरून बसून राहिली.

"फुई, पोटमा कळ येस," ती म्हणाली.

भागाबाईनं तिला आडवं केलं. थोड्या वेळानं लुगड्यावर डाग दिसला. नशिबानं त्या दिवशी नर्सबाई गावात होत्या. लताबाई त्यांचं नाव. उपकेंद्रातून लसीकरणासाठी यायच्या आणि शाळेच्या वऱ्हांड्यात बसायच्या. रुपचंद त्यांना घेऊन आला. त्यांनी प्रमिलाला तपासलं, बाळाचे ठोके ऐकले आणि हिला इथं ठेवू नका, थेट धुळ्याला न्या, असं सांगितलं. फाट्यावरून जीप मिळाली. प्रमिलाचं डोकं मांडीवर घेऊन भागाबाई मागच्या बाकावर बसली. रस्ता खराब होता. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी सुनेची कंबर धरायची.

धुळ्याच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं तरुण आणि बोलायला शांत. त्यांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि मग बाहेर येऊन बारीक चौकशी सुरू केली. पडली होती का, जड उचललं का, ताप होता का, काय खाल्लं, काय प्यायली. रुपचंदनं खोकल्याचं सांगितलं. औषध काय घेतलं, असं त्यांनी विचारल्यावर भागाबाई पुढे झाली आणि तिनं सरळ सांगून टाकलं. तोवर तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पानं कोणकोणती ते पुन्हा विचारलं. अडुळसा ऐकल्यावर किती घातला आणि किती दिवस दिला, तेही विचारलं.

"अडुळशानं पिशवी आवळली जाते, असं आमच्याकडे शिकवतात," त्या म्हणाल्या. "हिला त्यानंच झालं, असं मी सांगू शकत नाही. अशा खोकल्यानं, तापानं, किंवा काही कारण नसतानाही असं होतं. पण पोटुशी बाईला अडुळसा द्यायचा नाही. आठवड्यातून एकदासुद्धा नाही."

भागाबाईनं विचारलं, मग बाकीचं? आलं, तुळस, गवती चहा? तेही वाईट का?

डॉक्टरीणबाईंनी तिला बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. चहात आलं ठेचून टाकतो किंवा गवती चहाचं पान टाकतो, तेवढ्यानं बहुधा काही होत नाही, असं त्यांनी सांगितलं. पण तेच मूठभर घेऊन, आटवून, रोज औषध म्हणून पाजलं तर ती वेगळी गोष्ट. ज्येष्ठमधही जास्त नको. पुष्कळशा झाडपाल्याचं तर पोटातल्या बाळाला काय होतं, हे कोणी नीट तपासलेलंच नाही. "जे माहीत नाही, ते त्या नऊ महिन्यांत द्यायचं नाही. आधी विचारायचं."

प्रमिलाचं रक्त थांबलं. बाळाचे ठोके नीट होते. आठवडाभरानं तिला घरी सोडलं, पण बाजेवरून उठायचं नाही या अटीवर. भागाबाईनं घरचं सगळं काम स्वतःकडे घेतलं. काढ्याचं पातेलं मात्र तिनं घासून फळीवर पालथं घातलं. कोणी खोकत आलं, तर लताबाईंकडे जा म्हणायची.

गावाला वाटलं, सुनेच्या आजारपणात हिला सवड नाही. पण भागाबाईच्या मनात दुसरंच काही चाललं होतं. शेजारच्या गल्लीत तानुबाईचं घर. तिची सून सरला आदल्या वर्षीच लग्न होऊन आली होती. त्या आदल्या वर्षीच्या थंडीत सरलालाही खोकला झाला होता आणि तिनंही ओट्यावर बसून काढा घेतला होता. तेव्हा तिला दिवस गेलेत हे कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे तीन महिने होईपर्यंत कोणी बोलत नाही, नजर लागते म्हणून. पुढे तिचं पडलं तेव्हाच गावाला कळलं. तानुबाईनं तेव्हापासून सुनेला बोल लावला होता. विहिरीवर दोन-दोन हंडे घेऊन मिरवत होती, म्हणून मूल गेलं, असं ती चारचौघांत सांगायची. सरला खाली मान घालून ऐकून घ्यायची.

भागाबाईनं हे रुपचंदला सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या ना, नक्की सांगता येत नाही म्हणून. मग कशाला झाकलेलं उघडं करायचं? त्याचं म्हणणं तिला पटत होतं. तरी तिला चैन पडेना. पुढच्या बाजारच्या दिवशी, गाव साक्रीला गेलेलं असताना, ती तानुबाईच्या घरी गेली. सासू-सून दोघी दारात शेंगा फोडत होत्या. भागाबाई उंबऱ्याशी बसली आणि सरलाकडे बघून बोलली.

"मांगला हिवायामा तुले मी काढा दिधा व्हता. तुना पोटना जीव त्यानामुये गया का नही, माले ठाव नही. पन तुना दोस नव्हता, हाई माले सांगनं व्हतं."

सरलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. तानुबाईला अर्थ कळायला जरा वेळ लागला.

"म्हंजे मनी वहूले तू इख पाजं?" ती म्हणाली.

भागाबाईनं डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगायचा प्रयत्न केला, पण तानुबाई उठून आत गेली. सरला रडत होती, पण भागाबाई निघाली तेव्हा तिच्या मागोमाग अंगणाच्या कडेपर्यंत आली आणि तिथं उभी राहिली.

गावात बोलणं झालंच. कोणी म्हणालं, इतकी वर्षं विष वाटत होती. कोणी म्हणालं, डॉक्टरांना झाडपाला दिसला की त्रासच होतो. भागाबाई समोरून दिसली की तानुबाई पदर ओढून बाजूनं जायची. पण विहिरीवरच्या हंड्यांची गोष्ट तिनं त्यानंतर कोणाला सांगितली नाही.

प्रमिलाला वैशाखात मुलगी झाली, साक्रीच्या दवाखान्यात. अंगानं बारीक पण रडायला खणखणीत.

पुढच्या थंडीत म्हातारा उखर्डू आबा खोकत ओट्यावर येऊन बसला आणि काढा घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणाला. भागाबाईनं लताबाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आबांना द्या की, त्यांच्या पोटात कोणी नाही. पण बायकांचं काय? भागाबाईनं आधी, दिवस गेलेत का, असं विचारून बघितलं. नवी नवरी बायकांसमोर काही सांगत नसे, आणि तिला बाजूला नेऊन विचारलं तर तिची सासू संशयानं बघे. काहीजणींना तर स्वतःलाच अजून माहीत नसायचं. शेवटी तिनं विचारणंच सोडून दिलं. जिला अजून मूल होऊ शकतं अशा कोणत्याही बाईला भागाबाईच्या घरून अडुळसा मिळायचा नाही. अशा बायकांसाठी वेगळं छोटं भांडं. त्यात आल्याचा तुकडा, तुळशीची दोन-चार पानं आणि गूळ. एक उकळी आली की खाली उतरवलेलं. लताबाईंनी ते बघितलं. एवढं पातळ, कपभर चालेल, दिवसभर पीत बसू नका, आणि खोकला राहिलाच तर दवाखान्यात या, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. आता कोणाला काही कबूल करावं लागत नव्हतं. म्हाताऱ्या बायका मात्र कुरकुरल्या, कारण छोट्या भांड्यातलं गोड होतं.

अशाच एका सकाळी सरला आली. सगळ्या बायका उठून जाईपर्यंत ती कप हातात धरून बसली होती.

"भागामाय, माले दिवस शेतस," ती हळू म्हणाली. "घरमा अजून कोनले सांगं नही."

भागाबाईनं तिच्या हातातला कप काढून घेतला. त्यातला काढा काही वाईट नव्हता, तरी तो ओतून टाकला आणि कपात साधं गरम पाणी दिलं. मग तिनं विचारलं, सासूच्या आधी मला का सांगतेस? सरला म्हणाली की लताबाई कोणत्या दिवशी येतात ते विचारायचं होतं, आणि तिथं एकटीनं जायला धीर होत नव्हता. शाळेच्या वऱ्हांड्यापर्यंत दोघी बरोबर गेल्या. परतताना भागाबाईनं तिला बजावलं, आज घरी सांग, तुझ्या सासूला दुसऱ्याकडून कळायला नको.

सरलाला मुलगा झाला. बारशाचं बोलावणं घेऊन सरलाच आली. भागाबाईला जावं की नाही कळेना, पण प्रमिलानं तिला नवं लुगडं काढून दिलं, म्हणून गेली. ती मागं भिंतीशी बसली. घुगऱ्या वाटत वाटत तानुबाई तिच्यापर्यंत आली, क्षणभर थांबली आणि तिच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या. पुढे त्या दोघी लग्नकार्यात शेजारी बसायच्या, कामापुरतं बोलायच्या, पण पहिल्यासारख्या एकमेकींच्या चुलीपाशी कधी बसल्या नाहीत.

बऱ्याच वर्षांनी लताबाईंची बदली शिरपूरकडे झाली. निरोप द्यायला गाव जमलं होतं. माणसं पांगल्यावर भागाबाईनं त्यांना एकदा विचारून घेतलं, सरलाचं पहिलं माझ्याच काढ्यानं गेलं का? लताबाई म्हणाल्या, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. भागाबाईनं मान हलवली. मग त्यांची पिशवी उचलून ती एसटी येईपर्यंत त्यांच्याबरोबर फाट्यावर उभी राहिली.