आईचं दार

मुलुंडच्या आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला, तेव्हा बिल्डरने सांगितलं, हवं असेल तर एका मोठ्या घराऐवजी दोन लहान घरं मिळतील. इतरांनी मुलांचा विचार केला. सत्तरीला टेकलेल्या माझ्या आईने घटस्फोटाचा केला.

"तुझ्या बाबांबद्दल तक्रार नाय," ती मला म्हणाली. "पण माका माझा सोताचा दार व्हया."

मी हबकलेच. बाबा ना पिणारे, ना हात उचलणारे. पण गावाहून कुणीही यायचं, बाबा आपल्या चावीने दार उघडून त्याला आत घ्यायचे आणि तिथूनच ओरडायचे, "भाताला तांदूळ वाढव गो!" पाहुणे महिना महिना राहायचे, आई ओट्याशेजारी चटई टाकायची. घर घेताना तिच्या पाटल्या मोडल्या, म्हणून ते दोघांच्या नावावर होतं. तरी आत कोण येणार, हे तिला कधी कुणी विचारलं नाही.

बाबा आधी हसले, मग चिडले, मग शेजाऱ्यांकरवी समजूत घालून पाहिली. आई ढिम्म. वांद्र्याच्या कोर्टात समुपदेशक बाई म्हणाल्या, "आजी, या वयात?"

"मग कधी?" आईने विचारलं.

ठेवी निम्म्या-निम्म्या, घर एकेक. पाटल्यांचा विषय निघाला तेव्हा बाबांनी मान खाली घातली आणि सही केली. नवी इमारत उभी राहीपर्यंत दोघं भाड्याच्या एकाच घरात राहिले. घटस्फोट झालेली माझी आई सकाळी दोघांचा चहा करायची. मी कपाळाला हात लावला.

एकदा बिल्डरच्या माणसांनी मोकळ्या प्लॉटवर लहान घराचा नमुना चुन्याने आखून दाखवला. बाबा तरातरा भिंती तुडवत मधोमध जाऊन उभे राहिले. आई वळसा घालून गेली, दारासाठी सोडलेल्या जागेशी थांबली, चपला काढल्या आणि मग आत पाऊल टाकलं. आजूबाजूला नुसती धूळ आणि सळ्या. जन्मभर ओट्याशेजारी झोपलेल्या बाईत हे एवढं कुठे होतं, मला आजही कळत नाही.

आता ती वरच्या मजल्यावर राहते, बाबा खालच्या. ती राहायला गेली त्याच आठवड्यात मी तिच्याकडे होते, तेव्हा बेल वाजली. आईने दाराच्या भिंगातून पाहिलं. बाबा होते, हे तिला दिसलं होतं.

"कोण?" तिने विचारलं.

"कोण म्हणजे? मी!"

"मी कोण?"

बाहेरून बाबांनी वडिलांच्या नावासकट, आडनावासकट आपलं पूर्ण नाव सांगितलं. लग्नापासून आईने ते एकदाही तोंडाने घेतलं नव्हतं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि कडी काढली.