टाकीत सांडपाणी सोडू नये

गाळोबाला हे नाव वसतिगृहाने दिलं, आणि देताना कुणाच्याही मनात आदर नव्हता. त्याला खरं तर हवं होतं कॉम्प्युटर. मार्कांनी दगा दिला आणि यादीच्या तळाशी जे शिल्लक होतं ते, म्हणजे स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकी, पदरात पडलं. नातेवाइकांना सांगताना वडील त्यातलं ‘पर्यावरण’ खाऊन टाकत. मुलगा पूल बांधणार, एवढंच सांगत. पुलाबद्दल कुणी फार खोदून विचारत नाही. आईने मात्र एकदा विचारलं, की तू नेमकं शिकतोस तरी काय? घाण पाणी पुन्हा चांगलं कसं करायचं ते, असं तो म्हणाला. ‘मग बरंय की,’ आई म्हणाली. चार वर्षांत त्याच्या शाखेबद्दल कुणी काढलेला हा एकमेव बरा शब्द.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. शहाणी मुलं आधीच्या वर्षाचा अहवाल घेतात, वरचं कव्हर बदलतात आणि सिनेमाला जातात. गाळोबाला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, त्याने वसतिगृहामागचा सांडपाण्याचा प्लांट चालू करून दाखवायचं ठरवलं. हा प्लांट मोठ्या थाटामाटात बांधला होता. उद्घाटनाची फीत कापली, फोटो निघाले, आणि सगळे जेवायला गेले ते गेलेच. तेव्हापासून वसतिगृहाचं सांडपाणी टाकीपर्यंत येई आणि बाजूच्या पाइपाने गुपचूप मागच्या ओढ्यात जाई. टाकीत पालापाचोळा होता आणि एक मांजर व्यायलं होतं. वर्गात फळ्यावर याच टाकीचं चित्र काढून शिकवत. खिडकीतून ती दिसायची, पण खिडकीबाहेर बघणं अभ्यासक्रमात नव्हतं.

असल्या प्लांटमध्ये खरं काम करतात ते जिवाणू. त्यांना हवा द्यायची, मग ते घाण खातात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. वर राहतं ते नितळ पाणी. पण जिवाणू दुकानात मिळत नाहीत, ते पाळावे लागतात. गाळोबाने शहराच्या मोठ्या प्लांटवरून दोन कॅन गाळ मागून आणला. बसमध्ये झाकण जरासं सैल झालं आणि कंडक्टरने त्याला कॅनसकट खाली उतरवलं. उरलेला रस्ता तो चालत आला. हवेचा पंप त्याने वर्कशॉपच्या भंगारातून उभा केला. पहिले काही आठवडे टाकी अशी घाण मारत होती की अख्ख्या वसतिगृहाने त्याच्याशी बोलणं टाकलं. नाव पडलं ते तेव्हाच. तो मागे हटला नाही. आणि मग एका सकाळी पाण्याचा रंग काळ्यावरून चहासारखा झाला, वास ओल्या मातीसारखा येऊ लागला. काचेच्या बरणीत भरून ठेवलं तर गाळ खाली बसला आणि वर स्वच्छ पाणी. त्या बरणीकडे तो असा बघत बसला, की जणू घरात पाळणा हलला होता.

विजेचा भरवसा नाही म्हणून एक बादली गाळ त्याने खोलीत ठेवला. त्यात माशांच्या टाकीचा छोटा पंप सोडला, खाऊ म्हणून रोज थोडं सांडपाणी आणि मेसमधली साखर. रूममेटने पलंग खिडकीशी सरकवला आणि नाक मुठीत धरून तो दिवस काढू लागला. आई फोनवर आधी त्याचं जेवण विचारायची आणि मग म्हणायची, ‘आणि तुझे किडे जेवले का?’

विभागप्रमुखांना या सगळ्याचा पत्ता नव्हता. पत्ता लागला तो कॉलेजला श्रेणी देणारी समिती येणार म्हटल्यावर. मग कॉलेजात जे हलत नव्हतं त्याला रंग लागला. झाडांचे बुंधे रंगले, कुंड्या रंगल्या. फिरत फिरत सर टाकीपाशी आले आणि ते तपकिरी, फेसाळ पाणी बघून ही घाण कुणाची, असं विचारू लागले. गाळोबाने समजावलं, की सर, हा रंग म्हणजेच तिची तब्येत चांगली आहे. सरांनी ‘हो हो’ केलं.

गाळोबा नमुने घेऊन दोन दिवस शहरातल्या प्रयोगशाळेत गेला. परत आला तर टाकी चकाचक. सगळा गाळ उपसला होता, ब्लीचिंग पावडर टाकून भिंती घासल्या होत्या, आतून आकाशी रंग दिला होता आणि नळाच्या पाण्याने टाकी काठोकाठ भरली होती. ब्लीचिंगने जिवाणू कसे मरतात हा धडा याच सरांनी शिकवला होता, आणि छान शिकवला होता. गाळोबा काठावर बसला. त्याला रडू आलं, आणि कशासाठी रडतोय हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

सर म्हणाले, ‘अरे, वाईट काय झालं? पाणी तर आता जास्तच स्वच्छ आहे.’

समिती आली. अध्यक्षांनी वाकून तळ पाहिला, हवा हुंगली आणि वास अजिबात नाही म्हणून थक्क झाले. सरांनी टाकीतलं ग्लासभर पाणी सर्वांदेखत पिऊन दाखवलं. टाळ्या पडल्या. मागे बाजूच्या पाइपातून सांडपाणी नेहमीसारखं ओढ्याला चाललं होतं. अध्यक्षांनी गाळोबाच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, की हे साधलं कसं?

‘सर, हे नळाचं पाणी आहे,’ गाळोबा म्हणाला. ‘प्लांट मेलाय. परवा घासून मारला.’

सर मोठ्याने हसले आणि मुलगा फार विनयशील आहे म्हणाले. अध्यक्षही हसले. कॉलेजला वरची श्रेणी मिळाली, आणि दुसऱ्याच दिवशी टाकीवर पाटी लागली: टाकीत सांडपाणी सोडू नये.

सरांनी त्याला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. टाकी आहे तशी राहू दे, बाहेरचे परीक्षक आले की ग्लास घेऊन उभा राहा, पहिला नंबर तुझाच, असं त्यांनी प्रेमाने सांगितलं. गाळोबाने विचार केला, नाही असं नाही. वडिलांना नातेवाइकांत सांगायला पहिला नंबर किती बरा पडला असता. हो म्हणून तो खोलीवर आला, बादली ओतून टाकायला. पंप बुडबुडत होता. तेवढ्यात आईचा फोन.

‘किडे जेवले का?’

‘घालतो,’ तो म्हणाला. फोन ठेवून त्याने चमचाभर साखर घातली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्या पाटीच्या खालीच त्याने पंप चालू केला, बादली टाकीत रिकामी केली आणि सांडपाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. आकाशी भिंती बघता बघता तपकिरी झाल्या.

सर त्याच्याशी बोलेनासे झाले. बादलीभर गाळाला वाढायला वेळ लागला, पण परीक्षेपर्यंत टाकीने रंग धरला. परीक्षकांनी नाकाला रुमाल लावून तीन प्रश्न विचारले, बरणीतलं नितळ पाणी पाहिलं आणि घाईने चहाला गेले. जेमतेम पास होण्याइतके मार्क पडले. शेरा होता, ‘विषय समजला आहे. टाकीची स्वच्छता असमाधानकारक.’

त्याने आईला फोन लावला आणि पास झालो म्हणाला.

‘ते झालंच रे,’ आई म्हणाली. ‘ते जेवले का?’

‘जेवले,’ तो म्हणाला. ‘अख्ख्या वसतिगृहाचं.’