विड्यासारखी घडी

माझा भुताखेतांवर कधीच विश्वास नव्हता. विश्वास होता तो स्वतःच्या पोटाच्या टाक्यांवर, आणि तिथेच चुकलो. हर्नियाच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. किहीमच्या आमच्या वाडीतला पंप कुरकुरत होता, म्हणून मी तो जरासा उचलून पाहिला. पंप होता तसाच राहिला... टाके मात्र उसवले.

अलिबागच्या डॉक्टरांनी तपासलं. "आतला थर शाबूत आहे, नशीब तुमचं. वरची जखम मात्र आता शिवायची नाही. उघडीच ठेवायची."

"उघडी? पोट उघडं ठेवून फिरू?"

"विहीर बुजवताना तळापासून भरता, की वर फळ्या टाकून माती पसरता? तसंच हे. कातडी आधी मिटली तर खाली पोकळी राहील, पू धरेल, आणि मला पुन्हा चिरावं लागेल."

इंजेक्शनलाही डोळे मिटणारा माणूस मी. 'पुन्हा चिरावं' ऐकताच मी उघड्या जखमेला होकार देऊन टाकला.

रोज जखमेतला जुना गॉज, म्हणजे जाळीदार कापडाची पट्टी, काढायचा, जखम सलाईनने धुवायची, नवा गॉज सलाईनमध्ये भिजवून, पिळून, तळापर्यंत सैलसर भरायचा. टोक बाहेर ठेवायचं. आमची सुनंदा दोन दिवसांत शिकली. मी छताकडे बघत रामरक्षा म्हणायचो आणि ती ओरडायची, "अहो, पोट आत घ्या!" जणू ते माझ्या हातात होतं.

मग न्हावा शेव्याला नोकरी करणारी आमची लेक तापाने फणफणली. सुनंदाला जावंच लागलं. जाताना म्हणाली, "शेजारच्या सिस्टरना सांगून जाते."

"कशाला? मी करीन की!"

मंडळी, आता खरं सांगतो. चार दिवस मी त्या जखमेत बोटसुद्धा घातलं नाही. वरचं पॅड तेवढं बदलायचो, तेही डोळे मिटून. आतला गॉज सुनंदाने भरलेला, तसाच. फोनवर मात्र, "झालं हं ड्रेसिंग, एकदम मस्त!"

विचित्र इतकंच, की दुपारी जेवून, दाराला आतून कडी घालून मी आडवा व्हायचो आणि उठल्यावर पोटाला गार वाटायचं. मोरीतला साबण ओला असायचा. मीच मघाशी हात धुतले असतील, म्हणून सोडून द्यायचो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी बोलावलं होतं. सुनंदा लेकीकडून परस्पर दवाखान्यात आली. टेबलावर पडलो तेव्हा मला डोळ्यांपुढे फक्त सुरी दिसत होती. चार दिवसांचा कुजका गॉज निघणार, डॉक्टर चिरणार, आणि नंतर जे उरेल ते सुनंदा चिरणार!

डॉक्टरांनी पॅड काढलं. "वा! गॉज आजचाच दिसतोय. तळ बघा कसा लालचुटुक भरून येतोय. आता चिरायबिरायचं नाव नको. पण टोकाला ही विड्यासारखी घडी? हे कुठे शिकलात?"

 सुनंदा त्या घडीकडे एकटक बघत होती.

परतताना रिक्षात मी सगळं कबूल केलं. वाटलं, आता उद्धार होणार.  पण ती हळूच म्हणाली, "बाबा अशी घडी घालायचे."

तिचे बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हसळ्याला एका डॉक्टरांकडे जन्मभर कंपाउंडर होते. जाऊन सहा वर्षं झाली. "टोक दुमडून बाहेर ठेवलं की आत काही विसरून राहत नाही, म्हणायचे. हात इतका हलका, की झोपलेला पेशंट जागा व्हायचा नाही."

घरी येऊन पाहिलं. सलाईनची नवी बाटली, जिचं सील मी तोडलंच नव्हतं, निम्मी झाली होती. शेजारच्या सिस्टरना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी एकदा डोकावले होते. पण आतून कडी, आणि तुमचं घोरणं पार अंगणात!" झोपेत मीच केलं म्हणावं, तर उभं राहिल्यावर मला पोटापलीकडचे स्वतःचे पायही दिसत नाहीत. आज तिथे फक्त एक वण आहे. उलगडा मात्र अजून झालेला नाही.

त्या संध्याकाळी बाटली हातात घेऊन सुनंदा उभी होती. डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "चार दिवस माझा म्हातारा बाप इथे राबला, आणि तुम्ही घोरत पडलात? अहो, कपभर चहा तरी विचारायचात!"